आडेकाकांचा खडकशेपू

परवा आमच्या गल्लीत नगरपालिकेचा माणूस पाठीवर पंप घेऊन आला. नालीच्या कडेचं गवत मारायला. मी दुकानाच्या पायरीवरून उठलो, गुडघे सांभाळत खाली वाकलो, त्या गवताचं एक पान चुरगाळलं आणि नाकाशी नेलं. तो बिचारा नळी हातात धरून उभा. आतून आमच्या सौभाग्यवती म्हणाल्या, "होऊ द्या भाऊ त्यायचं. ते सारं गवत हुंगते. वास येत नाही तरी हुंगते."

यात खोटं काही नाही. बारा महिने सर्दी असलेल्या माझ्या नाकाला कापूर आणि कांदा सारखाच. मारायचं ते गवत त्या माणसाने मारलं आणि माझ्याकडे वळूनवळून पाहत तो पुढे गेला.

आमच्या घरात गोष्टी सांगणारा माणूस म्हणून मी प्रसिद्ध आहे. म्हणजे मी तोंड उघडलं की पोरांना अभ्यास आठवतो. आजोबांच्या बैलापासून मामांच्या तिसऱ्या लग्नबोलणीपर्यंत सगळं मी तिखटमीठ लावून सांगतो. पण आडेकाकांची गोष्ट मी आजवर पूर्ण सांगितलेली नाही. गाजरगवतापर्यंत येतो आणि चहा मागतो. आज लिहायला बसलोय, चहा आधीच पिऊन.

दलपत आडे हे दिग्रसच्या आमच्या कॉलेजात वनस्पतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते. हुद्दा परिचराचा, काम काचा धुण्याचं. पण प्रॅक्टिकलला लागणारं प्रत्येक पान, फूल, शेवाळ हाच माणूस पहाटे उठून कुठून कुठून आणायचा, आणि प्राध्यापकांना एखाद्या झाडाचं नाव आठवलं नाही तर ते चष्मा पुसायच्या निमित्ताने काकांकडे पाहायचे. उंच, किडकिडीत, किंचित पुढे झुकलेले. चालताना नजर पायाखाली. रस्त्याने समोरून कलेक्टर आला तरी त्यांना दिसायचा नाही, पण कलेक्टरच्या बुटाखाली काय चिरडलं ते दिसायचं.

त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशात कायम एक आगपेटी असे. पहिल्याच वर्षी, नव्या मिश्या आणि नवी सिगारेट यांच्या जोरावर, मी त्यांना म्हटलं, "काका, जरा माचिस द्या." त्यांनी शांतपणे पेटी दिली. मी उघडली. आत काळ्या बारीक बिया.

"पेटव," काका म्हणाले. "पेटते का पाह्य."

त्यानंतर मी सिगारेट सोडली असं सांगायला मला आवडलं असतं.

वनस्पती दाबून वाळवायला जुने पेपर लागत. दर दोन दिवसांनी ओले पेपर काढून कोरडे घालायचे. हे करताना काका प्रत्येक पेपर वाचत. त्यामुळे त्यांच्या बातम्या वर्ष-दोन वर्षं शिळ्या असायच्या, आणि सांगायचे मात्र काल घडल्यासारख्या. "अरे, तो पुसदकडचा पूल वाहून गेला म्हणते!" मी म्हणायचो, "काका, तो पूल बांधूनही झाला." ते म्हणायचे, "मंग? वाहून त गेलता ना."

वाळलेली वनस्पती जाड कागदावर पांढऱ्या दोऱ्याने टाचायची, खाली नाव-गाव लिहायचं आणि कपाटात ठेवायची. असे शेकडो कागद त्या कपाटात होते. त्यांना आम्ही शीट म्हणायचो. शीटच्या बाबतीत काका आमच्या प्राचार्यांपेक्षा कडक होते. "डोळ्यानं पाह्यचं. हात मागं. एक पाकळी तुटली त तुमच्या बापाले बलावीन." माझ्या वडिलांना त्यांनी एकदा खरंच बोलावलं होतं. एक पाकळी तुटली होती. वडील शेतातली वखरणी सोडून आले, पाकळी बघितली, माझ्याकडे बघितलं, आणि काकांना म्हणाले, "साहेब, इतकुशासाठी?" काका म्हणाले, "इतकुशीच असते ती." दोघेही आपापल्या जागी बरोबर होते. मार मला पडला.

आता माझ्या नापास होण्याविषयी. बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षी बाहेरून आलेल्या परीक्षकांनी माझ्या हातात एकदांडी दिली. रस्त्याच्या कडेला उगवणारं, उंच एका दांड्यावर एकच पांढरट-पिवळं फूल मिरवणारं ते साधं रानगवत. विचारलं, "यात फुलं किती?" मला वाटलं, गंमत करतायत. म्हटलं, "एक." परीक्षकांच्या भुवया वर गेल्या. त्यांच्या मागे काचा पुसत काका उभे होते. त्यांनी डोळे मोठे केले आणि हाताची पाचही बोटं उघडली, मिटली, उघडली, मिटली. मी एकदांडीकडे पाहिलं. कडेला पाच पाकळ्या. लगेच आत्मविश्वासाने म्हणालो, "पाच!"

काकांनी फडकं तोंडावर धरलं. परीक्षकांनी पेन्सिल हातात घेतली.

दुसऱ्या दिवशी काकांनी मला पायरीवर बसवलं, एकदांडी दिली आणि नखाने ती उकलली. "मी तुले 'बम आहेत, मोजू नको' म्हणून राह्यलो होतो, अन् तू पाचावर थांबला. लेका, हे फूल नव्हे. हा तांडा आहे. दुरून पाह्यलं त एक दिसते. आत जाय, त हरेकाची चूल येगळी. हे कडेचे पांढरे आहेत ना, ते रस्त्याकडचे, पाहुण्याले आवाज देणारे. अन् हे मधातले पिवळे दाटीवाटीनं बसले. एकेक पिवळा टिपका म्हणजे एकेक फूल. पुरं घरदार. पाह्य."

स्वतः काका बंजारा, तांड्यातले. दिग्रसपासून पुसदच्या रस्त्याने फाट्यावर उतरून पाऊण कोस आत, माळाच्या उताराला टेकलेला त्यांचा तांडा. आमच्याशी बोलायचे वऱ्हाडी आणि घरी गोरबोली. त्यामुळे त्यांनी तांडा म्हटलं की ते पुस्तकातल्या उपमेसारखं वाटायचं नाही, पत्ता सांगितल्यासारखं वाटायचं. माझ्या डोक्यात ते इतकं पक्कं बसलं की पुढच्या वर्षी परीक्षकांनी सूर्यफूल दाखवून "या फुलोऱ्याला काय म्हणतात?" असं विचारताच मी म्हणालो, "तांडा."

दुसऱ्यांदा नापास. तेव्हापासून काका मला 'डबल बी.एस्सी.' म्हणू लागले. पुढे मी झेरॉक्सचं दुकान टाकलं. वनस्पतिशास्त्राचं फारसं नुकसान झालं नाही असं मला तेव्हा वाटायचं.

कपाटातल्या दोन शीट काकांच्या लाडक्या होत्या. एक आमच्या विभागप्रमुखांनी, म्हणजे हेडसरांनी आणलेली. सर एकदा सहल घेऊन काश्मीरला गेले होते. लोकांनी शाली आणल्या, सरांनी रस्त्याकडेचं एक गवत आणलं. रानटी बाबुना. गाजराच्या पाल्यासारखी बारीक चिरलेली पानं, पांढऱ्या पाकळ्यांची चकती, मधे पिवळा घुमट. वास इतका घाण की डब्यात दशम्यांशेजारी ठेवल्यामुळे सरांच्या घरात दोन दिवस अबोला होता म्हणे. काकांनी ती शीट मला कितीदा दाखवली असेल. "हे बाबुन्याचं फूल पाह्य. कडेच्या पांढऱ्यायले बी धरत नाही. ते फक्त आवाज देते, या या म्हणते. अन् मधातल्यायचं बी भरलं का हे पांढरे खाली मान टाकते. काम झालं. मंग उगीच मिरवत नाही."

सरांनी खाली लिहिलं होतं की हे गवत उपटणाऱ्यांच्या कातडीवर फोड येतात. काकांना त्याचं हसू यायचं. "एवढंसं फूल, अन् माणसाले फोड आणते?" तेव्हा ते हसू शकत होते.

दुसरी शीट त्यांची स्वतःची, तरुणपणी केलेली. खडकशेपू. तांड्यामागच्या माळावरून आणलेला. एक वीत उंचीचं झुडूप, शेपूसारखी सुतासारखी पानं, आणि मसुरीच्या दाण्याएवढी पिवळी फुलं. एकदा मला ते तिथे घेऊन गेले होते. भादव्याचे दिवस होते. मुरमाच्या उतारावर, जिथे गवतसुद्धा नाक मुरडतं तिथे, ते हिरवं सूत पसरलेलं. काकांनी चिमटीत पान चुरगाळून माझ्या नाकाला लावलं. माझं नाक तेव्हा चालू होतं. जेवण झाल्यावर बडीशेप तोंडात टाकावी तसा वास.

"हे बाबुना, हे खडकशेपू अन् गाजरगवत, तिघं एकाच कुळाचे," काका म्हणाले. "पान पाह्य ना. लहानपणी त भाऊभाऊच वाटते. फरक दोन. गाजरगवताच्या पानाले लव असते, हे गुळगुळीत. अन् वास. शंका आली का वास घेऊन पाह्य." मग जरा वेळाने म्हणाले, "घरात दाणे कमी असले का माही याडी हेच तोडून डाळीत टाके. याडी म्हणजे माय. अख्खा माळ भरला राहे याच्यानं, पार फाट्यापर्यंत. खाऊन सरत नव्हतं."

मग रस्ता रुंद झाला. मुरूम हवा म्हणून माळ खोदला गेला. जिथे खोदलं तिथे गाजरगवत आलं. त्याला काही लागत नाही. उकरलेली माती आणि माणसाचं दुर्लक्ष, एवढ्यावर ते वर्षातून दोन-तीनदा फुलतं आणि हजारांनी बी टाकतं, आणि शेजाऱ्याच्या मुळाशी असं काही सोडतं की शेजारी उगवायचाच थांबतो. खडकशेपू मागे मागे सरकत गेला. काका निवृत्त व्हायला आले तेव्हा तो उताराच्या एका कोपऱ्यात उरला होता. दोन बैलगाड्या सोडता येतील एवढ्या जागेत. आजूबाजूची गावं, उमरखेडकडचे माळ, काकांनी सगळं पालथं घातलं. दुसरीकडे कुठे त्यांना तो सापडला नाही.

निवृत्तीच्या दिवशी कॉलेजने काकांना शेवंतीचा जाडजूड हार घातला. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी त्यांच्यासाठी फुलं आणली होती. काकांनी तो हार दिवसभर काढला नाही. बसमध्येही घालूनच बसले, तांड्यातही घालूनच शिरले. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांचे डोळे उघडेनात. पापण्या टमाट्यासारख्या सुजलेल्या, मान लाल, कोपराच्या खोलगटीत चिरा.

मी भेटायला गेलो तेव्हा काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, चूल फुंकत म्हणाल्या, "दोन वर्षं झाले खाजवून राह्यले. उन्हानं होते म्हणे. मी म्हटलं, दवाखान्यात चला. मले म्हणे, तुह्या बडबडीनं खाजवते."

"तेही कारण आहे," काका डोळे मिटलेलेच ठेवून म्हणाले.

यवतमाळला कातडीच्या डॉक्टरीणबाईंनी त्यांच्या पाठीवर निरनिराळ्या वनस्पतींच्या अर्काच्या पट्ट्या लावल्या. दोन दिवसांनी काढल्या. मी सोबत होतो. बाई यादी पाहत होत्या आणि काका पालथे पडून स्वतःच सांगत होते, "डावीकडून दुसरी, बम आग होते, ते गाजरगवत असंल. त्याच्या खालती शेवंती. ती कडेची कोण आहे? सूर्यफूल? असं कसं, त्याच्याशी त माहं कवाच भांडण नव्हतं." बाईंनी पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "काका, सुरुवात गाजरगवताने केली, आता शरीर त्या सगळ्या कुळालाच ओळखायला लागलंय. हे हवेतूनही लागतं. त्या कुळापासून लांब राहा. जमलं तर गावच सोडा."

काका उठून बसले, शर्टाची बटणं लावली. "चाळीस वर्षं मी त्यायले ओळखाचा," ते म्हणाले. "आता ते मले ओळखून राह्यले." बाईंना वाटलं विनोद केला, त्या हसल्या. मीही हसलो. काका हसले नाहीत.

मुलगा पुण्याला नोकरीला. तो म्हणाला, इकडे या, इथे चौथ्या मजल्यावर गवत नाही. काका एकदा गेले, महिन्यात कातडी निवळली, चेहरा उजळला, आणि मृगाच्या तोंडावर ते परत आले. काकू तिकडे रमायला लागल्या होत्या, त्यांनाही घेऊन आले. कारण एकच. पाऊस पडला की त्या कोपऱ्यात खडकशेपूच्या जोडीने गाजरगवतही उगवणार. ते फुलायच्या आत हाताने उपटलं नाही तर दोन-तीन वर्षांत कोपरा संपला.

त्यांनी युक्त्या केल्या नाहीत असं नाही. उन्हाळ्यात तरोट्याच्या, म्हणजे टाकळ्याच्या, शेंगा गोळा करून कोपऱ्याच्या भोवती गोल बी फेकायचे. तरोटा झपाट्याने वाढतो, त्याच्या सावलीत गाजरगवत उपाशी मरतं. काकू त्याच तरोट्याची कोवळी भाजी करायच्या. पण आत, ऐन कोपऱ्यात तरोटा चालत नव्हता. त्याच्या सावलीत खडकशेपूही मेला असता. तिथे हातच लागत होते. मग काका पूर्ण बाह्यांचा शर्ट, तोंडाला दुपट्टा, हातावर प्लॅस्टिकच्या पिशव्या दोऱ्याने बांधून उकिडवे बसायचे आणि एकेक रोप चिमटीत धरून उपटायचे. पिशव्यांमुळे बारीक रोपं हाताला लागायची नाहीत, मग थोड्या वेळाने पिशव्या काढून टाकायचे. त्यानंतर पंधरा दिवस मलम, गोळ्या आणि काकूंचं बोलणं.

"ह्या माणसाले आपलं कातडं नको झालं," काकू मला म्हणायच्या. "गजूभाऊ, तुमी तरी सांगा. कोणाले पाह्यजे ते गवत? ढोरं खात नाही, बाजारात विकत नाही."

मी सांगायचो. काका ऐकून घ्यायचे. एकदा म्हणाले, "कोणाले पाह्यजे म्हणून थोडं उगवते ते."

असे पाच-सहा पावसाळे गेले. दर वर्षी कोपरा हिरवा राहिला आणि दर वर्षी काका थोडे कमी झाले. कातडी हत्तीसारखी जाड आणि काळी पडत गेली, कपाळाच्या आठ्या मिटेनाशा झाल्या. तांड्यातल्या लग्नात ते कडेला बसायचे, हार-फुलांपासून दूर. लोकांना वाटायचं काही वेगळाच रोग आहे, तेही दूर बसायचे.

एका श्रावणात चिरांमध्ये पू झाला आणि ताप चढला. यवतमाळच्या मोठ्या दवाखान्यात भरती केलं. मी गेलो तेव्हा हातांना पट्ट्या होत्या, डोळे किलकिले. मला ओळखलं आणि पहिला प्रश्न, "डबल बी.एस्सी., पोळा कवा आहे?"

"पंधरा दिवसानं."

"त्याच्या आत जाय. मी नाही जाऊ शकत. गाजरगवत उपटून टाक. फूल यायच्या आत. लव असली त गाजरगवत, गुळगुळीत असलं त हात लावू नको. अन् शंका आली त—"

"वास घेऊन पाहतो काका. मी जातो. तुम्ही आराम करा."

माझ्यापुढे दुसरं कोणी नव्हतं म्हणून त्यांनी मला सांगितलं. वनस्पतिशास्त्रात दोनदा नापास झालेल्या माणसावर त्यांनी हा कोपरा सोपवला.

मी गेलो. अगदी दुसऱ्याच दिवशी गेलो, हे मला अजूनही स्वतःच्या बाजूने सांगावंसं वाटतं. माळावर पोचलो. सगळीकडे बोटभर हिरवं. चिरलेली पानं, चिरलेली पानं, चिरलेली पानं. वाकलो तर पोट आडवं येई, बसलो तर गुडघा उठू देईना. चष्मा घरी राहिला होता. लव दिसेना. पान चुरगाळून नाकाशी नेलं. सर्दी. काहीच नाही. दुसरं नेलं. काहीच नाही. अर्ध्या तासात वीसेक रोपं उपटली आणि त्यातली बरोबर किती, देव जाणे.

तेवढ्यात बाजूच्या सोयाबीनमध्ये तणनाशक मारणारा एक माणूस बांधावर येऊन उभा राहिला. म्हणाला, "काय शोधून राह्यले भाऊ?"

"गाजरगवत काढून राह्यलो. आडेकाकायसाठी."

"त्याले हातानं काहून काढता? काकाचं आंग त्याच्यानंच त गेलं. पंप आहे मायाजवळ, पाच मिनिटाचं काम."

"पण याच्यात दुसरं बी गवत आहे म्हणते."

त्याने वरवर पाहिलं. "सारं एकच आहे भाऊ."

मी वनस्पतीचा विचार करत नव्हतो. मला त्या पट्ट्या बांधलेले हात दिसत होते. वाटलं, इथलं गाजरगवत एकदाचं मेलं तर हा माणूस पुढच्या वर्षी इथे बसणार नाही. उपटायलाच काही उरणार नाही. आणि आमच्याकडे आता गवत म्हटलं की कोणी वाकत नाही, पंपच काढतात, त्यामुळे त्यात वावगं काही वाटलंही नाही. मी म्हटलं, "मार." मार म्हणून वर त्याला चहाचं आमंत्रणही दिलं.

चार दिवसांनी जाऊन मोबाइलवर फोटो काढला. कोपरा पिवळाधमक वाळलेला. भोवती तरोट्याचं हिरवं कडं. मी फोटो घेऊन तडक यवतमाळची बस पकडली. रस्ताभर मनात वाक्यं जुळवत होतो.

काकांनी पट्टी बांधलेल्या हाताने मोबाइल धरायचा प्रयत्न केला, जमेना. मी त्यांच्या डोळ्यांसमोर धरला. "मोठं कर," म्हणाले. मी मोठं केलं. "अजून." अजून केलं. त्या फोटोत त्यांनी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळं पाहिलं. शीट पाहायचे तसं, फक्त डोळ्यांनी.

"वास घेतलता?"

"सर्दी होती काका."

काकू स्टुलावर बसल्या होत्या. त्यांना काय झालं ते कळलं नाही, त्यांनी काकांच्या अंगावरची चादर सारखी केली. काका त्यांना म्हणाले, "गजूले चहा दे." त्यांनी मला गजू म्हटलं. डबल बी.एस्सी. नाही. तो चहा मी तसाच ठेवून निघालो.

ते सुटून आले तोवर माळावर पुन्हा दोन पाऊस झाले होते. कोपऱ्यात पहिलं हिरवं उगवून आलं ते गाजरगवतच. त्याचं बी मातीत वर्षानुवर्षांचं साठलेलं. खडकशेपूचं एकही रोप नाही. आदल्या वर्षीचं सगळं बी उगवून आलं होतं, आणि त्या वर्षीचं धरायच्या आधीच मी त्याला मारलं होतं.

दिवाळीनंतर एका दुपारी काका दुकानात आले. दुपट्टा तोंडावर. "चाल कॉलेजात."

विभाग आता नव्या इमारतीत गेला होता आणि ते जुनं कपाट जिन्याखाली ढकललेलं होतं. शिपायाने काकांना ओळखलं, किल्ली दिली. आत वाळवीने बरंच खाल्लं होतं. काश्मीरच्या बाबुन्याची देठंच उरली होती. खडकशेपूची शीट मात्र मधल्या खणात होती, तपकिरी पडलेली, दोरे शाबूत. फुलांची बोंडं तशीच. आत बारीक, काळं, चपटं बी, प्रत्येकाच्या डोक्यावर दोन काटे.

"दाराकडे पाह्य," काका म्हणाले. "कोणी आलं त सांग."

ज्या माणसाने एका पाकळीसाठी माझ्या वडिलांना शेतातून बोलावलं, त्याने त्या शीटवरची बोंडं एकेक करून नखाने तोडली आणि आगपेटीत टाकली. शीट परत खणात ठेवली, कपाटाला कुलूप लावलं, किल्ली शिपायाला दिली आणि त्याला राम राम केला.

पुढच्या जूनमध्ये आम्ही दोघं माळावर गेलो. काकांनी पिशव्या बांधल्याच नाहीत. उघड्या, फुटलेल्या बोटांनी त्यांनी मुरूम मोकळा केला आणि ती बोंडं तळहातावर चोळून त्यावर सोडली. कूळ तेच, त्यामुळे चोळताचोळता त्यांचे तळवे लाल होत गेले. मी म्हटलं, "काका, मी करतो." म्हणाले, "तुले बी दिसत नाही."

"उगवंल का?"

"तीस-पस्तीस वर्षाचं बी आहे, त्याच्यावर मीच औषध मारेल होतं, किडा लागू नये म्हणून." ते उठले, मलाही हात देऊन उठवलं. "तू मारलं ते येगळं, मी मारलं ते येगळं. बी काही ते पाहत नाही."

त्या पावसात काही आलं नाही. पोळ्याला मुलगा गाडी घेऊन आला आणि या वेळी काका त्याच्याबरोबर पुण्याला गेले. पुण्यातच, पुढच्या पावसाळ्याच्या आत, ते गेले. हार घालू नका एवढं त्यांनी सांगून ठेवलं होतं, असं काकू फोनवर म्हणाल्या.

त्याला तीन पावसाळे झाले. दर श्रावणात मी माळावर जातो. चष्मा घेऊन जातो. लव असलेलं उपटतो, दोन वेळा पाहून, तीन वेळा पाहून. गुळगुळीत पान अजून दिसलेलं नाही. तरोट्याचं कडं दर वर्षी आपोआप उगवतं, त्याला काही माहीत नाही, आत काही राखायचं नाही हे त्याला कोणी सांगितलेलं नाही.

पण मला काका दिसतात ते पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीचे, फाट्यावरचे. मुलाची गाडी तिथे दोन मिनिटं थांबली होती. काका मागच्या सीटवर, खिडकीची काच अर्धी खाली, दुपट्ट्यातून फक्त डोळे दिसत होते. काकू पलीकडे बसून रडत होत्या. मला काही तरी बोलायचं होतं, माफीचं वगैरे. मुलाने गाडी सुरू केली आणि मी धावत जाऊन भलतंच विचारलं. "काका, किती पाऊस वाट पाहू?"

गाडी पुढे सरकली होती. काकांनी हात खिडकीबाहेर काढला. काळी पडलेली, चिरा गेलेली पाच बोटं त्यांनी उघडली, मिटली, उघडली, मिटली. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो हात उघडमीट करत होता.

या वेळी मी पाच धरले नाहीत.